ब्राउनीच्या पोटात सुंठवडा : प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर, रविवार

मंडळाचा आनंदमेळा २१ डिसेंबरला ठरला. दरवर्षी आमच्या स्टॉलवर साबुदाणा वडे असतात. यंदा हिने बैठकीतच जाहीर करून टाकलं की आम्ही ब्राउनी ठेवणार, आणि मग घरी येऊन मला कळवलं. सोयाबीन तेलाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत एकतीस वर्षं ओलावा आणि आम्लांक मोजत बसलेला माणूस निवृत्त होऊन रिकामा दिसला, की घरच्यांना काही ना काही सुचतंच. वही मात्र माझ्या अटीवर: तारखेनिशी लिहायचं, वजनं ग्रॅममध्ये, 'अंदाजे' हा शब्द चालणार नाही.

मूळ कल्पना नातीची. दिवाळीला पुण्याहून आली तेव्हा बिस्कॉफ स्प्रेडची, म्हणजे बिस्किटांच्या गोड लगद्याची, एक बरणी घेऊन आली आणि परत जाईपर्यंत पोळीला लावून संपवली. "आबा, हे ब्राउनीच्या मधोमध भरायचं. कापलं की ओघळलं पाहिजे." ओघळलं पाहिजे हे तिचं म्हणणं, तुकडा सुटा निघाला पाहिजे हे माझं, आणि अंडं नको हे मंडळाचं. तसाही तो सगळा महिना मार्गशीर्ष, अंडं घरात आलं असतं तर मीच बाहेर गेलो असतो. ८० नग लागतील. २० सेंटिमीटरच्या चौकोनी टिनमधून १६ तुकडे, म्हणजे पाच टिन.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सियागंजात, इंदूरच्या किराणा बाजारात, सकाळचे दोन तास गेले. लोणी, कोको, मैदा, दालचिनी, जायफळ, पांढरी मिरी. चॉकलेटच्या दुकानातला पोरगा म्हणाला, "भिया, कंपाउंड ले जाओ, सब यही ले जाते हैं." कंपाउंडमध्ये कोको बटरच्या जागी पाम कर्नेलसारखं स्वस्त तेल घट्ट करून घातलेलं असतं, हे मी कारखान्यात नव्या पोरांना शिकवत असे. तरी घेतलं. स्वस्त होतं.

नातीची रिकामी बरणी धुण्याआधी लेबल वाचून काढलं. निम्म्याहून जास्त भाग बिस्किटांचा चुराच. मग तेल, साखर, सोया लेसिथिन, सायट्रिक आम्ल. दूध नाही, अंडं नाही, पाणी नाही. 'पाणी नाही'भोवती तेव्हा चौकोन काढला, पण त्याचा अर्थ डोक्यात शिरायला पुढे आठवडा लागला. लेसिथिन बघून बरं वाटलं. सोयाबीनचं कच्चं तेल पाण्याने धुतलं की जो डिंक खाली बसतो, त्यातून ते निघतं. आमच्या प्लँटवर त्याचे ड्रम भरत.

बिस्किटं मूळची बेल्जियमची, स्पेकुलोस म्हणतात. लोटस कंपनी १९३२ पासून लेम्बेके गावात ती करते. बिस्कॉफ हे नाव बिस्किट आणि कॉफी जोडून पाडलेलं. स्प्रेड मात्र अलीकडचं. तिकडचे कामगार डब्यात पावाला लोणी लावून मधे ही बिस्किटं घालून नेत, आणि दुपारपर्यंत बिस्किट मऊ पडून त्याचा लगदा होई. २००७ साली तिथल्या टीव्हीवर नवकल्पनांची एक स्पर्धा होती, तीत एका बाईंनी तोच लगदा बरणीत भरून आणला. तूप-गुळाची पोळी डब्यात गुंडाळून ठेवली की दुपारी जी होते, तिची बरणी आपल्यात अजून कोणी काढलेली नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार. चाचणी १

हिच्या वहीतली जुनी कृती घेतली: दही, सोडा, मैदा २०० ग्रॅम, कंपाउंड १५०. नवी बरणी उघडून पिठावर स्प्रेडचे चमचा-चमचाभर गोळे सोडले. ओटीजी (घरचा छोटा विजेचा ओव्हन) १८० वर, ३५ मिनिटं.

केक झाला. चांगला फुगलेला, जाळीदार केक. आईने दोन तुकडे खाल्ले, "मस्त झालाय रे केक" म्हणाली आणि चाचणी तिथेच नापास. ब्राउनी फुगता कामा नये. फजी म्हणजे दाट, ओलसर, दाताला जरा धरणारी. आपल्यात जवळचं काही शोधायचं तर नीट जमलेला कलाकंद. त्यासाठी मैदा कमी, लोणी आणि साखर जास्त, सोडा अजिबात नाही. कंपाउंडमुळे टाळूला मेणाचा थर बसला तो वेगळा.

आणि गोळे बुडाले. पातळ पिठाला ते पेलवले नाहीत, तळाला जाऊन टिनला चिकटले आणि करपले. उलथण्याने खरवडून ओल्या कचऱ्याच्या बादलीत टाकले. सकाळी गाडीवाल्याने बादलीत वाकून वास घेतला आणि म्हणाला, "बाबूजी, कुछ अच्छा बना था."

रात्री नातीशी फोनवर वाद. ब्राउनीच्या जन्माची जी गोष्ट सांगतात ती शिकागोची. १८९३ च्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी पामर हाउस हॉटेलच्या मालकांच्या पत्नी बर्था पामर यांनी आपल्या आचाऱ्यांना सांगितलं, की प्रदर्शनाला येणाऱ्या बायकांच्या खाऊच्या डब्यात घालता येईल असं गोड करा, केकच्या तुकड्यापेक्षा लहान आणि हाताने खाता येईल असं. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत विवेकानंद बोलले. तर ही डब्यातली वस्तू आहे, ओघळली की डबा गेला, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "आबा, विवेकानंदांना मधे आणू नका."

१८ नोव्हेंबर, मंगळवार. चाचणी २

फक्त सारण, भाजणं नाही. स्प्रेड सैल पडावं म्हणून हिने सुचवलं की थोडं क्रीम फेटून घाला. १५० ग्रॅम स्प्रेडमध्ये पुड्यातलं ३० ग्रॅम क्रीम. ढवळता ढवळता ते आवळत गेलं आणि दोन मिनिटांत थालीपिठाचा गोळा झाला. चमचा उभा राहिला.

मला हे आधीच दिसायला हवं होतं. स्प्रेड म्हणजे तेलात सोडलेली बिस्किटाची आणि साखरेची भुकटी. कण एकमेकांवरून घसरतात ते मधल्या तेलामुळे. पुड्यातल्या क्रीममध्ये स्निग्धांश पाव भाग, बाकी बहुतेक पाणी. ते पाणी साखरेने ओढलं, पिठाने ओढलं, आणि कण एकमेकांना चिकटून बसले. तेल सुटेपर्यंत वाटलेल्या दाण्याच्या कुटात चमचाभर पाणी पडलं की असंच होतं. आणखी पाणी घालत गेलो तर परत सैल पडेल, पण ती मग चटणी झाली, ओव्हनमध्ये उकळून फुटेल. सैल करायचं तर तेलानेच. चौकोनातला शब्द आता तांबड्या शाईने गिरवला.

गोळ्याचं हिने संध्याकाळी थापून तव्यावर काहीतरी केलं. खाल्लं सगळ्यांनी, नाव कोणी विचारलं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार. चाचणी ३

हिशेब केला. टिनचं क्षेत्रफळ ४०० चौरस सेंटिमीटर, थर ६ मिलिमीटर हवा, म्हणजे २४० घन सेंटिमीटर. एका टिनला साधारण २८० ग्रॅम सारण. पाच टिनना १४०० ग्रॅम. ४०० ग्रॅमच्या साडेतीन बरण्या. तेवढ्यात ब्राउनीचा भाव असा वाढेल की मेळ्यात लोक माझ्याकडे बघून पुढे वड्यांकडे जातील. सारण घरी करायचं ठरलं, आणि त्याआधी बिस्किटं.

बरणीवर मसाल्यांत दालचिनीचंच नाव आहे. शेजारी हॉलंडात याच कुळातलं स्पेकुलास करतात, त्यात मसाल्यांची सगळी पंगत असते: दालचिनी, लवंग, जायफळ, सुंठ, वेलदोडा, पांढरी मिरी. पूर्वेकडून जहाजांनी मसाला नेणारे तेच, तेव्हा हात सैल असणार. मी डच बाजू घेतली. दालचिनी ४ ग्रॅम, बाकी पाच मिळून ३. सियागंजात सर्रास मिळते ती जाड सालीची दालचिनी, गोडीला कमी आणि तिखटाला जास्त, पण चॉकलेटपुढे तीच टिकते.

मैदा १५०, कणीक १००, लोणी १००, पिठीसाखर ८०, काकवी ४०, सोडा ३, मीठ २. सोडा इथे फुगण्यासाठी नाही. पीठ जरा अल्कधर्मी झालं की साखर आणि प्रथिनं मिळून लवकर तांबूस होतात, बिस्किटाचा तो खमंग रंग त्यातून येतो. काकवी सूनबाईंच्या माहेरून कोल्हापूरकडून येते, बेल्जियमच्या साखरपाकाच्या जागी तीच घातली.

भाजून निघाली ४४० ग्रॅम. पूर्ण गार झाल्यावर १४० वर पुन्हा वीस मिनिटं, वजन ४२८. हे बारा ग्रॅम पाणी सारणात गेलं असतं तर मंगळवारचं थालीपीठ परत आलं असतं. शाबासकी द्यायला प्रयोगशाळेत कोणी नव्हतं म्हणून हिला बोलावून वजनकाटा दाखवला. ती म्हणाली, "अहो, कुकरची शिटी झाली, सरका."

मग सारण: बिस्किटांची भुकटी २००, पिठीसाखर ४८, सोया तेल ७०, साजूक तूप ३०, लेसिथिन २ ग्रॅम. लेसिथिन जुन्या सहकाऱ्याने बाटलीत भरून दिलं. नुसत्या तेलाने सारण पातळ राहतं, नुसत्या तुपाने डिसेंबरच्या थंडीत विटेसारखं होतं. लोणी चालत नाही, त्यात सहावा भाग पाणी असतं. तुपात जवळपास नसतंच. मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात अर्धा मिनिट फिरव, दोन मिनिटं थांब, असं सोळा वेळा. लेसिथिन पडलं आणि घट्ट लगदा डोळ्यांदेखत सैल होऊन भांड्याच्या कडेने वाहू लागला. चव उत्तम. पण जिभेला कचकच, आणि दालचिनीच्या सालीचे तंतू दातात. बरणीतलं रेशमासारखं असतं. माझं चाळलेल्या मातीसारखं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घट, पूजा, कहाणी. ओटा मला मिळाला नाही. चांगलं चॉकलेट आणलं, ५५ टक्क्यांचं, कोको बटर असलेलं.

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळी साडू पोहे खायला आले. टेबलावर माझ्या मसाल्याची उघडी वाटी होती. त्यांनी जिरावण, म्हणजे पोह्यांवरचा इंदुरी मसाला, समजून पोह्यांवर दोन चिमट्या सढळ हाताने भुरभुरला, शेव घातली, लिंबू पिळलं आणि अर्धी प्लेट संपल्यावर म्हणाले, "जिरावण बदललंत का? बरं लागतंय." जिरावणात लवंग, दालचिनी, सुंठ, जायफळ असतंच की, फक्त जिरं-धणे-हिंग-मीठ कमी पडलं. मी काही बोललो नाही.

४ डिसेंबर, गुरुवार. दत्तजयंती

आजची नोंद भाजण्याची नाही, पण या वहीतली सगळ्यात कामाची आहे.

आई सकाळी सहापासून सुंठवड्याच्या मागे. वय शहाऐंशी, पण सुंठ अजून स्वतः कुटते. मिक्सरने का नाही, तर म्हणे सुंठ तापली की वास जातो. कुटून झाल्यावर तिने डब्यातून मलमलीचा जुना तुकडा काढला, पातेल्याच्या तोंडावर सैलसर बांधला, मूठभर पूड त्यावर ठेवली आणि बोटांनी हलकेच फिरवत राहिली. खाली पडलं ते पिठाहून मऊ. वर उरले तंतू, पांढरे, कापसासारखे.

"वस्त्रगाळ केल्याशिवाय सुंठवडा करू नये," ती म्हणाली. "खोकला येतो देवळात सगळ्यांना."

मी एकतीस वर्षं मेशच्या नंबरांनी चाळण्या मोजल्या, आणि घरात हा शब्द पडून होता. चहाची गाळणी, मैद्याची चाळणी, स्टीलची बारीक जाळी, सगळ्यांतून तंतू उभे निसटतात, कारण भोक चौकोनी असलं तरी तंतू सुईसारखा आत जातो. मलमलीला एकेक भोक असं नसतंच, सुती धाग्यांची लव आडवी येते आणि तंतूला धरून ठेवते.

देऊळ झाल्यावर दुपारी तिच्याकडून तो तुकडा मागून घेतला. मसाला आधी वस्त्रगाळ. मग बिस्किटांची भुकटीही, तेल पडण्याआधी. त्याला पावणेदोन तास लागले आणि खांदा भरून आला. वर ३५ ग्रॅम रवाळ चोथा राहिला, तो उद्या चहात. नवं सारण वाटलं, वर सायट्रिक आम्लाची कणभर चिमूट आणि मीठ. जिभेवर ठेवलं तर कुठेच अडलं नाही.

आईला चमच्यावर दिलं. डोळे मिटून बराच वेळ तोंडात घोळवलं. "हा तर सुंठवडाच आहे की रे. फक्त खोबरं विसरलास." सुंठ कमी आहे असंही म्हणाली. १ ग्रॅमची २ केली. खोबरं घातलं नाही, त्यावर दोन दिवस अबोला चालला.

बरणीच्या लेबलावर 'कँडी शुगर सिरप' आहे, म्हणजे खडीसाखरेचा पाक. कँडी हा शब्द आपल्याच 'खंड'वरून फारसी-अरबीतून फिरत युरोपात गेलेला. सुंठवड्यात आई खडीसाखर घालते. एवढं तिला सांगितलं असतं तर अबोला बहुधा सुटला असता, पण तिला फारसी-अरबी नको होतं, खोबरं हवं होतं.

६ डिसेंबर, शनिवार

तिकडे आज संत निकोलसचा दिवस. पाच-सहा डिसेंबरला हॉलंड-बेल्जियममध्ये मुलांना हीच मसाल्याची बिस्किटं वाटतात, कोरीव लाकडी साच्यात दाबून केलेली. आमचा प्रसाद दोन दिवस आधी झाला.

आता अंड्याचा प्रश्न. ब्राउनीवर जो कागदासारखा पातळ, चकचकीत, तडकलेला पापुद्रा येतो, तो अंड्यात साखर फेटून विरघळवल्यामुळे. दह्याने येत नाही, कंडेन्स्ड मिल्कने येत नाही. छोले शिजवल्यावर उरलेलं पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं फेसाळतं, याला परदेशात २०१५ च्या सुमारास ॲक्वाफाबा असं नाव मिळालं. आमच्या माळव्यात डॉलर चना पिकतो, इंदूरच्या मंडीत त्याचे ढीग लागतात, आणि त्याचं पाणी आपण आजवर मोरीत ओतलं.

२५० ग्रॅम चणे रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात बिनमिठाचे शिजवले. चणे त्याच पाण्यात फ्रिजमध्ये रात्रभर. सकाळी गाळून आटवलं, बोटाला अंड्याच्या पांढऱ्यासारखं चिकट लागेपर्यंत. ४५ मिलिलिटर म्हणजे एक अंडं. ९० मिलीमध्ये १८० ग्रॅम बारीक साखर घालून बीटरने नऊ मिनिटं फेटलं तर पांढरंशुभ्र, चकचकीत, बीटर उचलला की टोक उभं. चण्याचा वास फेटताना येतो, भाजल्यावर चॉकलेट त्याला दाबून टाकतं.

उणी बाजू: पाच टिनना चारदा चणे शिजवावे लागणार. आज छोले, उद्या छोले, मंगळवारी चाट.

१० डिसेंबर, बुधवार

दोन कोरे टिन भाजले. एक कडेने कडक, एक मधे कच्चा. संशय ओटीजीच्या बटणावर. ओव्हनचा थर्मामीटर नाही, म्हणून साखरेने तपासलं. साखर १८६ अंशांच्या आसपास वितळते. फॉइलच्या वाटीत चमचाभर साखर, बटण १७० वर, पंधरा मिनिटं: पाणी झालं. बटण १६० वर: कडेला वितळली. १५० वर: कोरडी. म्हणजे काटा पंचवीसेक अंशांनी खोटं बोलतो. ब्राउनीला १६५-१७० पाहिजे, बटण १४५ वर खुणेची टिकली लावली. टिकली हिची, लाल.

१३-१४ डिसेंबर. चाचणी ६, पूर्ण

एका टिनचं माप, आता हेच कायम: चॉकलेट १५०, लोणी १००, साखर १८०, चण्याचं दाट पाणी ९० मिली, मैदा ९०, कोको ३०, मीठ ३, झटपट कॉफी २. लोणी आधी १२० होतं. पण भाजताना सारणातलं थोडं तेल ब्राउनीत उतरतं आणि बटर पेपर तेलकट निघतो, म्हणून वीस ग्रॅम उणे.

सारणाचा थर टिनच्याच मापात बटर पेपरवर पसरून रात्रभर फ्रीझरमध्ये. दगड होत नाही, तेलामुळे चामड्यासारखा वाकतो, पण उचलता येतो. तेही जेमतेम एक मिनिट, मग हाताच्या उबेने ओघळायला लागतो. पीठ साठ-चाळीस वाटलं. साठ तळाला घालून दहा मिनिटं भाजलं, वर साय धरली की गोठलेला थर अलगद ठेवला, वर चाळीस. पुन्हा चोवीस मिनिटं. तळ आधी न भाजता केलं (चाचणी ५) तेव्हा गार थराखालचं पीठ कच्चंच राहिलं होतं आणि वरचं करपलं होतं.

टूथपिकवर विश्वास ठेवू नये. सारणातून गेली की ओलीच येणार, भाजलं असो वा नसो. कडा टिनपासून सुटल्या, टिन हलवल्यावर मधला भाग किंचित थरथरला, वर तडे गेले, की काढायचं.

काढल्यावर हात लावायचा नाही. हे सगळ्यात अवघड गेलं, मला नाही, घरातल्यांना. गरम असताना ती खरोखरच चिखल असते. चॉकलेटमधलं कोको बटर आणि तूप थंड होऊन धरायला रात्र लागते. सकाळी गरम पाण्यात बुडवून पुसलेल्या सुरीने कापलं, प्रत्येक कापाला सुरी पुसून. सोळा तुकडे. मधे सोनेरी पट्टा, बोट लावलं तर मऊ, पण जागचा न हललेला. पापुद्रा आला. मी तो दोन मिनिटं नुसता बघत होतो.

आई म्हणाली, "आतून कच्चं राहिलंय."

हे मेळ्यात पन्नास वेळा ऐकायचं आहे. हिने उपाय काढला, पाटी लावू. पाटीवर काय लिहायचं यावर तास गेला.

१६ डिसेंबर, मंगळवार

डब्यात ठेवलेले दोन तुकडे आज कापले. ब्राउनी तशीच ओलसर, पण सारण पेढ्यासारखं घट्ट. पाणी जिथे जास्त तिथून जिथे कमी तिकडे सरकतं. ब्राउनीतलं पाणी दोन दिवसांत कोरड्या बिस्किटाच्या सारणात शिरलं. तुपाने वेळ लांबवली, थांबवली नाही. दुसऱ्या दिवसापर्यंत मऊ, तिसऱ्या दिवशी पेढा. म्हणजे १८ ला सवडीने करून ठेवता येणार नाही. १९ च्या रात्री आणि २० ला भाजायचं, २१ ला विकायचं.

खर्च एका टिनला ५९० रुपये, नगाला ३७. भाव ६०.

१९ डिसेंबर, शुक्रवार

आज अमावास्या. "नवं काम सुरू करू नये," आई. "नवं नाही, सातवी वेळ," मी. पाचही थर फ्रीझरमध्ये आहेत, त्यामुळे मटार आणि बर्फाचे ट्रे शेजाऱ्यांकडे. रात्री दोन टिन झाले, दोन्ही बिनतक्रार.

२० डिसेंबर, शनिवार

तिसरा टिन आत, दुसऱ्या टप्प्याचं अकरावं मिनिट, आणि वीज गेली. चाळीस मिनिटं आली नाही. दार उघडलं नाही, तरी मधला भाग बसला, सारण एका कोपऱ्यात गोळा झालं. वीज आल्यावर अर्धा तास आणखी भाजला. चिवट, पण शिजला. टाकायला मन होईना. हिने तो मोडून चुरला, उरलेलं दोन चमचे सारण आणि दत्तजयंतीचं राहिलेलं खोबरं घालून २४ लाडू वळले. आईने खोबऱ्याकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं.

चौथा, पाचवा ठीक. रात्री साडेअकराला गच्चीवर टिन गार करायला ठेवले, मांजरासाठी वर पाटा.

२१ डिसेंबर, रविवार. मेळा

६४ तुकडे आणि २४ लाडू. पाटी: 'मऊ आहे, कच्ची नाही. बिनअंड्याची.' तरी पहिल्या तासात अकरा जणांनी विचारलं, मी रेघा मारत होतो. एका काकूंनी मागे फिरून सांगितलं की दोन मिनिटं मायक्रोवेव्हमध्ये ठेवली असती तर पूर्ण झाली असती. बेकरी चालवणाऱ्या एका तरुणाने तुकडा उभा धरून पट्टा निरखला आणि विचारलं, बरणी कुठली. घरची म्हटलं तर त्याचा विश्वास बसला नाही, मसाला काय आहे ते चाखून सांगू लागला: दालचिनी, लवंग, आणि... सुंठेवर अडला.

लाडू सगळ्यांत आधी संपले. पंचवीस मिनिटांत, २० रुपयांना एक.

ब्राउनी ६० विकल्या, चार नमुन्यात गेल्या. जमा ४०८०, सामान २९५०, उरले ११३० मंडळाच्या पेटीत. चणे, वीज आणि माझा खांदा यात धरलेला नाही. नातीला व्हिडिओ कॉलवर तुकडा कापून दाखवला. "ओघळत नाहीये, आबा." तिच्यासाठी एक तुकडा दहा सेकंद गरम केला, ओघळला. ती तिकडून बघत बसली, मी इकडे खाल्ला.

२३ डिसेंबर, मंगळवार

पुढच्या वेळी करायच्या गोष्टी: ओव्हनचा खरा थर्मामीटर, भाजण्याची वेळ रात्री अकरानंतर, लाडवांचं माप लिहून ठेवणं, कारण हिने ते अंदाजे केले आणि आता तिलाही आठवत नाही.

फ्रीझर शेजाऱ्यांच्या मटारांसकट भरला. त्यांचे आणि आमचे वेगळे काढायचे राहिलेत. मलमलीचा तुकडा दोनदा गरम पाण्यातून काढला, उन्हात वाळवला, तरी दालचिनीचा वास गेला नाही. आईला दाखवला, म्हटलं नवा आणून देतो. तिने हुंगला, चौघडी केली आणि डब्यात ठेवला. म्हणाली, राहू दे, रामनवमीला चालेल.